फुकटची पाठवणी

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका घरात आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन थाटात झाले. थोरला मुलगा न्यू जर्सीत. त्याला रजा मिळाली नाही. म्हणून घरच्यांनी छायाचित्रकार ठरवून संपूर्ण समारंभाचे चित्रीकरण करून घेतले. होमहवन, सुनांनी केलेले औक्षण आणि शेवटी खुर्चीवर बसलेल्या आजोबांचे मनोगत अशी ती चाळीस मिनिटांची चित्रफीत होती. छायाचित्रकाराने ती एका फुकट सेवेवर चढवली आणि लिंक मुलाकडे पाठवून दिली. मुलगा त्या आठवड्यात कामाच्या गर्दीत होता. शनिवारी सकाळी त्याने निवांतपणे लिंक उघडली, तेव्हा तिची मुदत संपून गेलेली होती. नाशिकला दूरध्वनी केला, तर छायाचित्रकाराने तेच कार्ड पुसून पुढच्या लग्नात वापरले होते. मूळ चित्रण कुठेच शिल्लक नव्हते.

उरले ते एका भाचीने मोबाईलवर टिपून व्हॉट्सअॅपवर पाठवलेले धूसर तुकडे. त्यांतील एका तुकड्यात आजोबा १९६९ च्या महापुराची हकीगत सांगू लागतात. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावर पूर मोजण्याची नाशिककरांची जुनी रीत. तिथपर्यंत गोष्ट येते आणि तुकडा संपतो. त्या रात्री सराफ बाजारातील आपल्या दुकानातून आजोबांनी कोणाला कसे बाहेर काढले, हे समारंभाला हजर असलेल्यांनी ऐकले होते. मुलाने मात्र ते ऐकले नाही. पुढच्याच वर्षी आजोबा गेले.

या प्रकारात कोणी लबाडी केली नाही. छायाचित्रकाराने सांगितलेले काम केले, सेवेने जाहीर केलेली मुदत पाळली, मुलाचाही काही मोठा अपराध नव्हता. तरीही एका घराचा ठेवा गेला. मुलगा, सून, नातवंडे परदेशी असलेले घर आज मध्यमवर्गीय वस्तीत जवळजवळ प्रत्येक इमारतीत आहे, आणि मोठी चित्रफीत परदेशी फुकट कशी पाठवायची हा प्रश्न अशा प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा घरातील सर्वांत लहान मुलाकडून दोन मिनिटांत मिळते. पण चित्रफीत पाठवणे आणि चित्रफीत जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, याकडे घरातील मोठ्यांचेही लक्ष नसते.

ज्या शहरात ही घटना घडली, त्या शहराला चलच्चित्रे सातासमुद्रापार पाठवण्याचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ च्या फेब्रुवारीत ते चित्रपटकलेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले, कॅमेरा विकत घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. या खटाटोपात सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले होते. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ नाशिकला तयार झाले. १९१४ मध्ये हे तिन्ही चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा बोटीत बसले. लंडनच्या जाणकारांनी ते पाहिले, वाखाणले, तिथेच राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रणही दिले. दादासाहेबांनी ते नाकारले आणि ते नाशिकला परतले.

त्या पाठवणीत फुकट काहीच नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट, रिळे चार. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेणारी; ती डब्यात बंद करून समुद्रमार्गे न्यायची, तीही स्वतःच्या देखरेखीखाली. खर्च होता, जोखीम होती, म्हणून काळजीही होती. आज चाळीस मिनिटांची चित्रफीत एका बोटाच्या स्पर्शाने निघते. तीही मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रातूनच जाते. फरक इतकाच, की ती बोटीतून न जाता तळाशी टाकलेल्या केबलमधून जाते. त्या केबलही तुटतात, हे २००८ च्या जानेवारीत भूमध्य समुद्रात आणि २०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्रात दिसून आले. पण तो व्यत्यय काही दिवसांचा असतो. खरी अडचण वेगळी आहे. पाठवणे सोपे झाल्याबरोबर काळजी घेण्याची सवयच सुटली.

दादासाहेबांच्या चित्रपटांचे पुढे काय झाले, हे नाशिककरांना ठाऊक असायला हवे. त्यांच्या नावावर पूर्ण लांबीचे आणि छोटे मिळून शंभराच्या वर चित्रपट सांगितले जातात. १९१४ च्या सुमारास त्यांनी गोदावरीची दृश्ये टिपली, वेरूळची लेणी टिपली, तळेगावचा काचेचा कारखानाही टिपला. यांतील बहुतेक आज कोणालाच पाहता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सांभाळले, आणि ती रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. १९६४ मध्ये या संग्रहालयाची स्थापना झाली आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जुन्या फिल्मचे तुकडे गोळा केले, म्हणून निदान एवढे तरी हाती लागले. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि हजारो रिळे भस्मसात झाली. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवून ठेवली होती, ते वाचले.

भारतीय चित्रपटाच्या जनकाची ही कथा. गंगापूर रस्त्यावरच्या आजोबांसाठी कोणी पी. के. नायर येणार नाहीत.

आता थोडे हिशेबाकडे वळू. मोबाईलवर नेहमीच्या उच्च दर्जाने केलेले चित्रण मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेते. त्याहून वरच्या, चार पट स्पष्ट दर्जाचे चित्रण नव्या पद्धतीने दाबून साठवले, तर मिनिटाला १७० एमबीच्या आसपास. म्हणजे चाळीस मिनिटांचा समारंभ पाच ते सात जीबींचा झाला. ई-मेलला जोडून पाठवण्याची जीमेलची मर्यादा २५ एमबी. त्यात समारंभाचे दहा-बारा सेकंद मावतील. व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास दोन जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. मात्र तीच चित्रफीत नेहमीप्रमाणे ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवली, की ती दाबून बारीक केली जाते, चेहऱ्यांवरच्या रेषा पुसल्या जातात, मंत्रांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अनेक घरांत वर्षानुवर्षे अशाच दाबलेल्या प्रती इकडून तिकडे फिरत आहेत, आणि त्याच मूळ आहेत असा सर्वांचा समज आहे.

वेळेचाही हिशेब असाच. घरातील जोडणीचा जाहिरातीतील वेग बहुधा उतरवून घेण्याचा असतो. चढवण्याचा वेग पुष्कळदा त्याहून बराच कमी असतो. तो सेकंदाला वीस मेगाबिट असेल, तर सहा जीबी चढायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. चार मेगाबिट असेल, तर सव्वातीन तासांहून अधिक. मधेच वीज गेली, तर काही सेवा जिथे थांबले तिथून पुढे सुरू करतात आणि काही पुन्हा श्रीगणेशा करायला लावतात. म्हणून हे काम रात्री झोपण्यापूर्वी लावून ठेवावे. नाशिकला रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत ऋतूप्रमाणे दुपारचा दीड किंवा साडेबारा वाजलेला असतो. सकाळी इकडे काम पूर्ण झालेले दिसते आणि तिकडे मुलगा संध्याकाळी घरी येऊन ती उतरवून घेऊ शकतो.

जुन्या पिढीला याहून अवघड दिवस आठवतील. नव्वदच्या दशकात मुंजीची व्हिडिओ कॅसेट नातेवाइकाच्या सामानात कोंबून अमेरिकेला धाडायची आणि महिन्याने कळायचे की ती तिकडे चालतच नाही. आपल्याकडे पाल पद्धत, तिकडे एनटीएससी. मग कोणी तरी पदरचे डॉलर मोजून ती तिकडच्या पद्धतीत उतरवून घ्यायचे. त्या कॅसेटी आजही कपाटांत बुरशी खात पडल्या आहेत, हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. पण कॅसेटचा एक गुण मान्य करावा लागेल. ती पाठवण्यापूर्वी घरचा माणूस तिची एक प्रत काढून ठेवायचा, कारण विमानात सामान हरवते हे त्याला ठाऊक होते.

फुकट सेवेवर विसंबताना नेमके हेच विसरले जाते. मोठ्या फाईली पाठवण्यासाठी जगभर वापरली जाणारी वीट्रान्स्फर ही मूळची नेदरलँड्समधील सेवा २००९ पासून चालत आली. दोन जीबीपर्यंतच्या फाईली फुकट, लिंक सात दिवस जिवंत, अशी तिची ख्याती होती. २०२४ मध्ये ती एका इटालियन कंपनीने विकत घेतली आणि वर्षअखेरीस फुकट वापराचे नियम आवळले गेले; लिंकची मुदत तीन दिवसांवर आली. २०२५ च्या जुलैमध्ये नव्या अटींचा मसुदा जाहीर झाला. चढवलेल्या मजकुराचा वापर यंत्रांना शिकवण्यासाठी करता येईल, असा अर्थ त्यातून निघत होता. जगभरातील कलावंतांनी ओरड केल्यावर कंपनीने खुलासा करून ते शब्द मागे घेतले. ओरडणारे कलावंत होते, म्हणून हे घडले. मुलाला आजोबांचे मनोगत पाठवणारे नाशिकचे घर अटींचे चाळीस परिच्छेद वाचत नाही आणि ओरडतही नाही.

हीच सेवा मे २०२० मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाच्या आदेशाने भारतात रोखण्यात आली होती. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारनेच घ्यायचा असतो आणि तो घेताना प्रत्येक घराची विचारपूस करता येत नाही, हे मान्य. पण ज्यांच्या लिंका त्या आठवड्यात मार्गात होत्या, त्यांना त्यावरून एक गोष्ट उमगायला हवी होती. आपला ठेवा दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवला, की ओसरी कधी बंद होईल हे आपल्या हाती राहत नाही.

अशी उदाहरणे थोडी नाहीत. मेगाअपलोड या साठवणुकीच्या संकेतस्थळावर अमेरिकी यंत्रणांनी जानेवारी २०१२ मध्ये टाच आणली, तेव्हा चोरीच्या चित्रपटांबरोबर असंख्य निरपराध लोकांच्या स्वतःच्या फाईलीही अडकल्या. मोझिलाने २०१९ मध्ये सुरू केलेली फायरफॉक्स सेंड ही अतिशय सोयीची आणि सभ्य सेवा होती. गुन्हेगार तिचा गैरवापर करू लागल्याने ती दीड वर्षात बंद झाली. गूगल फोटोजने २०१५ मध्ये छायाचित्रे आणि चित्रफिती अमर्याद फुकट ठेवण्याचे आमिष दाखवले. दर्जा थोडा उतरवून का होईना, लोकांनी वर्षांची वर्षे त्यात ओतली. १ जून २०२१ पासून ते अमर्याद दार बंद झाले आणि सारे १५ जीबींच्या मापात मोजले जाऊ लागले. ते १५ जीबीही ई-मेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे यांनी वाटून घ्यायचे. ते भरले, की येणारी पत्रेही अडतात. निवृत्तिवेतनाचे पत्र आले नाही म्हणून बँकेत खेटे घालणाऱ्या एखाद्या गृहस्थाला आपल्या नातवाच्या बारशाने ते अडवले आहे, हे कोणी सांगावे!

‘फुकट’ या शब्दाकडे म्हणूनच नीट पाहायला हवे. हजारो जीबींची साठवण, अहोरात्र चालणारी यंत्रे, त्यांना थंड ठेवणारी वीज, समुद्राखालच्या केबली या सर्वांची किंमत कोणी तरी मोजत असते. कधी ती पैसे भरणारे ग्राहक मोजतात आणि फुकट वापरणारा त्यांच्या आश्रयाने राहतो. कधी जाहिरातदार मोजतो. आणि कधी वापरणाऱ्याची माहिती हेच चलन असते. घरातील समारंभाच्या चित्रफितीत काय काय असते, याचा विचार करावा. घराची रचना, तिजोरी असलेली खोली, सुनेच्या अंगावरील दागिने, मुंजीतील उघड्या अंगाचा बटू, प्रत्येकाचे नाव आणि नाते. ‘लिंक असणाऱ्या कोणालाही पाहता येईल’ ही खूण न बदलता ती चढवली, की ती लिंक पुढे ढकलत ढकलत कुठेही जाऊ शकते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून ठेवण्याची युक्ती अनेक जण वापरतात. ती फुकट आहे, खात्याची पडताळणी केली तर बारा तासांपर्यंतची चित्रफीत चढते, वृद्धांना पाहायलाही सोपी. पण तिथेही चित्र नव्याने दाबले जाते, आणि वरातीत वाजलेल्या एखाद्या चित्रपटगीतावर हक्क सांगितला गेला, की आख्ख्या वरातीचा आवाज बंद होऊ शकतो.

कायद्याकडून किती अपेक्षा करावी? संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सरकारने मनाई केलेले देश वगळता विदा देशाबाहेर नेण्यास हा कायदा आडकाठी करत नाही, आणि व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेल्या वापराला तो लागूच नाही. कंपन्यांवर काही बंधने आली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण हरवलेली चित्रफीत परत आणून देणारा कायदा कुठल्याच देशात नाही.

इथे स्वदेशीचा विचार अपरिहार्यपणे येतो. तो घोषणेच्या पातळीवर न करता दादासाहेबांच्या पातळीवर करावा. त्यांचा कॅमेरा विलायती होता, कच्ची फिल्म विलायती होती. तरीही आपले चित्रपट स्वदेशी आहेत असे त्यांनी ‘नवयुग’ मासिकातील लेखांत ठासून सांगितले, कारण भांडवल, मालकी, कामगार आणि कथा या चारही गोष्टी इथल्या होत्या. ही कसोटी आजच्या फुकट पाठवणीला लावून पाहिली तर काय दिसते? भांडवल बाहेरचे, मालकी बाहेरची, अटी बाहेरच्या न्यायालयांच्या. आपली म्हणावी अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कथा. आणि तीही आपण दुसऱ्याच्या कोठीत ठेवून येतो. या क्षेत्रात भारतीय प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. डिजीबॉक्स ही भारतीय साठवणसेवा २०२० च्या डिसेंबरमध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. चेन्नईच्या झोहोने तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या भागात बसून जगाला विकता येतील अशी साधने घडवली. तिच्या ‘अरट्टै’वर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लोकांची झुंबड उडाली. अशी झुंबड उडते आणि दोन महिन्यांत ओसरते, हा आपल्या समाजाचा जुना दोष आहे. भारतीय सेवा चालायची असेल, तर तिला वर्षाकाठी चार पैसे मोजणारे ग्राहक लागतील. लग्नात केवळ सजावटीवर लाखभर रुपये उधळणाऱ्या घराने त्या लग्नाच्या चित्रणासाठी मात्र ‘फुकटात काही आहे का’ असे विचारावे, यातील विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही.

अर्थात फुकट साधने वापरूच नयेत, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. ती टपालवाल्यासारखी वापरावीत. टपालवाल्याच्या पिशवीत कोणी घरची कागदपत्रे कायमची ठेवत नाही. स्वित्झर्लंडमधील स्विसट्रान्स्फर ५० जीबीपर्यंतची फाईल फुकट नेते आणि महिनाभर ठेवू शकते. एका मोठ्या समारंभाला ते पुष्कळ झाले. ज्यांना मधल्या कोणाच्याही कोठीत काही ठेवायचे नाही, त्यांच्यासाठी सिंकथिंगसारखी मुक्त प्रणाली आहे. नाशिकचा संगणक आणि न्यू जर्सीचा संगणक एकाच वेळी सुरू असले, की एकाचे कपाट दुसऱ्याच्या कपाटाशी परस्पर जोडले जाते. चित्रफीत कुलूपबंद होऊन थेट या घरातून त्या घरात जाते. सुरुवातीला मांडणी करायला तासभर लागतो आणि जाणता माणूस लागतो, एवढीच अडचण. आणि ज्यांना यांपैकी काहीच जमणार नाही, त्यांना दिवाळीच्या फराळाचा डबा आहेच. अमेरिकेला निघालेल्या शेजाऱ्याच्या सामानात भाजणीच्या चकल्यांबरोबर २५६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह सहज मावतो, आणि त्यात घरातील दहा वर्षांचे समारंभ मावतात.

फाईल पोहोचली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. तिकडच्याने ती उतरवून घ्यावी, आरंभ, मध्य आणि शेवट चालवून पाहावा, आवाज येतो का ते ऐकावे आणि तसे कळवावे. नव्या पद्धतीने दाबलेली चित्रफीत जुन्या संगणकावर काळी दिसते, हा नेहमीचा अनुभव आहे. तसा निरोप येईपर्यंत इकडची मूळ प्रत कोणीही पुसू नये. आणि निरोप आल्यावरही ती का पुसावी? एक प्रत नाशिकच्या घरात हार्ड डिस्कवर, एक परदेशातील मुलाकडे, एक पुण्याच्या मुलीकडे, अशी तीन घरांत ती राहिली, तर एका घरातील दुर्घटनेने सारे जाणार नाही.

याची साक्षही नाशिक जिल्ह्यातच आहे. भगूरच्या सावरकरांनी १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ १९०८ मध्ये लंडनला मराठीत पूर्ण केला आणि त्याचे हस्तलिखित गुप्तपणे बाबारावांकडे नाशिकला पोहोचते केले. छापखान्यांवर पोलिसांची नजर असल्याने ते इथे छापता आले नाही आणि पुन्हा युरोपात परत गेले. इंग्रजी अनुवाद १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापून निघाला, प्रकाशनापूर्वीच त्यावर बंदी आली. मराठी हस्तलिखित मात्र अभिनव भारताचे डॉ. कुटिन्हो यांनी अमेरिकेत जिवापाड जपले आणि सुमारे चार दशकांनी, देश स्वतंत्र होण्याच्या काळात, ते मायदेशी परत आले. ते जपणारा माणूस विश्वासाचा होता आणि आपल्याजवळ काय आहे, हे त्याला ठाऊक होते. परदेशातील मुलामुलींनी घरच्या चित्रफितींच्या बाबतीत हे काम अंगावर घ्यायला काहीच हरकत नाही. त्यांच्याकडे साधने आहेत, आणि बहुधा घराची ओढही इथल्यांपेक्षा थोडी अधिकच आहे.

नाशिकमधील संस्थांनाही इथे करण्यासारखे आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावाची ग्रंथसंपदा सांभाळत आले आहे. गावातील वृद्धांची मनोगते, पुराच्या आठवणी, जुन्या वाड्यांतील उत्सवांची चित्रणे यांचे एखादे दालन तिथे सुरू झाले, तर फाळक्यांच्या गावाला ते शोभून दिसेल. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखो मोबाईल चित्रण करत असतील आणि त्यातील बरेच काही त्याच रात्री परदेशी रवाना होईल. २००३ आणि २०१५ च्या पर्वण्यांची घरगुती चित्रणे आज किती घरांत धड सापडतात, हे विचारून पाहावे. शाखांतील, महाविद्यालयांतील तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या वस्तीतील ज्येष्ठांसाठी राखली, त्यांच्या मोबाईलमधील चित्रफिती हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या, नाव आणि तारीख घालून लावून दिल्या, तर सेवाकार्याच्या कुठल्याही अहवालात ते काम कमी मोलाचे ठरणार नाही.

छायाचित्रकारांशी व्यवहार करतानाही रीत बदलायला हवी. लग्नसराईत विसार देताना अल्बमची पाने किती, ड्रोन असेल का, हे सारे तपशीलवार ठरते. मूळ चित्रण किती दिवस सांभाळणार, ते दाबलेले देणार की जसेच्या तसे, आणि कार्ड पुसण्यापूर्वी यजमानाला कळवणार की नाही, याबद्दल मात्र चकार शब्द निघत नाही. पावतीवर या तीन ओळी लिहून घ्यायला पैसे पडत नाहीत. गंगापूर रस्त्यावरील त्या घराने आजीच्या पंचाहत्तरीला त्या लिहून घेतल्या. हार्ड डिस्क घरी आली, ती चालवून पाहिली, आणि त्यानंतरच छायाचित्रकाराची उरलेली रक्कम चुकती केली.